प्लेटलेट डोनेशन, पुण्यातल्या एका रक्तपेढीचा अनुभव: ५ पैकी ४ स्टार

काल ११ व्यांदा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, देऊन आलो. बरेच जण विचारतात कसं असतं, दुखतं का, किती वेळ जातो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो. रक्तपेढीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण माझी एक तक्रार आहे आणि तेवढी वाचून कुणी तिथे जायचं थांबलं तर मला ते नकोय. शिवाय खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठल्याही रक्तपेढीत सारखंच असतं. आणि हा रिव्ह्यू माझ्या मित्राशिवाय लिहिताच येणार नाही त्यामुळे त्याचंही येईल, त्याला विचारूनच लिहितोय.

आम्ही कऱ्हाडचे. शाळेपासून चौघं एकत्र, क्रिकेट, क्लास, प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसणं, सगळं एकत्रच. त्याला आम्ही कीपर म्हणतो कारण सातवीपासून टीमचा विकेटकीपर तोच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, आम्ही बारावीत असताना, त्याच्या अंगावर निळे डाग दिसायला लागले. कीपर म्हटल्यावर बॉल लागतोच, कुणी लक्ष दिलं नाही. मग ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, पायाच्या नडगीवर लाल बारीक ठिपके, सुईने टोचल्यासारखे, आणि ताप. प्लेटलेट १४,००० आल्या. पावसाळा होता, सगळ्यांनी डेंग्यूच धरला, काकूंनी पपईच्या पानांचा रस पाजला, कुणी किवी आणून दिले, मी स्वतः ड्रॅगन फ्रूट घेऊन गेलो होतो. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली. मग लॅबवाल्यांनी रक्त काचेवर घेऊन बघितलं आणि डॉक्टर म्हणाले आजच्या आज पुण्याला न्या. तिथे कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तपासला आणि एएलएल निघालं, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. मुलांमध्ये हाच जास्त आढळतो आणि बरा होण्याचं प्रमाणही चांगलं आहे, पण ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते.

आता प्लेटलेटचा संबंध काय ते सांगतो, मलाही तेव्हा कळत नव्हतं. किमो कॅन्सरच्या पेशी मारते पण मॅरोमध्ये तयार होणाऱ्या चांगल्या पेशीही त्यात मार खातात. नॉर्मल माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात. त्या १०,००० च्या खाली गेल्या की मार न लागताही आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून बाहेरून द्याव्या लागतात. आणि पिशवी काढल्यापासून साधारण ५ दिवसच टिकते, तीही फ्रिजमध्ये नाही, २० ते २४ डिग्रीला, सारखी हलवत ठेवलेल्या ट्रेमध्ये. म्हणजे साठा करून ठेवता येत नाही. दर वेळी नवीन माणूस लागतो.

काकू म्हणाल्या माझंच घ्या, त्याचा मोठा भाऊ तर बाही वर करूनच बसला होता. डॉक्टरांनी समजावलं की जवळच्या नात्यातल्यांचं शक्यतो टाळतात, घ्यायचंच झालं तर पिशवीला रेडिएशन देऊन वापरावं लागतं, आणि पुढे कधी बोन मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर घरच्यांचं आधी दिलेलं अडचणीचं ठरू शकतं. बाहेरचे डोनर आणा म्हणाले. मित्र असतील ना याचे, मित्रांना बोलवा.

आणि मित्र कुठे होते? हे लिहायला मला अजून जड जातं. सप्टेंबरमध्ये मी एकदा गेलो होतो भेटायला. स्टिरॉइडने त्याचा चेहरा एवढा सुजला होता की दारात उभं राहून मला दोन सेकंद कळलंच नाही की हाच तो. केस गेलेले, तोंडात फोड आलेले, पण भूक प्रचंड, उकडलेले बटाटे खात बसला होता. बाहेरचं काही चालत नाही, पाणी उकळलेलं, फळ जाड सालीचंच. तो मला म्हणाला, बस की. मी बसलो, मोबाईल काढला आणि दहा मिनिटं मोबाईलमध्येच बघत राहिलो, मग एसटी आहे म्हणून निघालो. एसटीला अजून दोन तास होते. स्वारगेटला बाकावर बसून काढले ते दोन तास. त्यानंतर बारावीचं वर्ष आहे, क्लास आहे, घरचे सोडत नाहीत, असली कारणं मला आपोआप सुचत गेली. आमच्या ग्रुपवर मी हार्टवाले स्टिकर टाकायचो. फोन एकदाही केला नाही, कारण फोन लावला तर बोलायचं काय हेच मला कळत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये त्याच्या भावाचा मेसेज आला, बी पॉझिटिव्ह, एसडीपी डोनर हवाय, अर्जंट. एसडीपी म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट, एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या. माझा ग्रुप तोच. मला मनापासून हायसं वाटलं, काहीतरी करण्यासारखं सापडलं, न बोलता करण्यासारखं. मी रक्तपेढीत फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की वय १७ वर्षं १० महिने, चालेल का. पलीकडून सांगितलं, आईवडिलांची सही असेल तर चालेल. बाबांची सही घेतली, पहाटेची एसटी पकडली, साधारण १६० किलोमीटर, आणि तिथे काउंटरवरच्या मॅडमनी आधार कार्ड बघून थेट परत पाठवलं. १८ पूर्ण म्हणजे पूर्ण, सही वगैरे काही चालत नाही, भारतभर हाच नियम आहे. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण फोनवर ज्यांनी सांगितलं त्यांना हे माहीत असायलाच हवं. पेशंटसाठी तो आख्खा दिवस वाया गेला, त्याच्या भावाला दुपारी परत नव्याने डोनर शोधावा लागला. एक स्टार याचा कापलाय. मी नंतर लेखी तक्रार दिली, तिथल्या प्रमुख डॉक्टरांनी फोन करून माफी मागितली, आता काउंटरवर आणि फोनजवळ वयाचा नियम मोठ्या अक्षरात लावलाय, हेही सांगायला हवं.

त्या दिवशी आमच्यातल्या तिघांपैकी कुणाचंच जमलं नाही. लंब्या १८ चा झालेला पण वजन ४७, मशीनवर द्यायला किमान ५० लागतं, त्याने मग साधं रक्त दिलं, त्याला ४५ चालतं. तिसऱ्याने दंडावर राजमुद्रेचा टॅटू काढून चारच महिने झाले होते, टॅटूनंतर १२ महिने थांबावं लागतं. तो दंडावर हात ठेवून जिन्यात बसून रडला. कीपर तिथेच वर चौथ्या मजल्यावर अ‍ॅडमिट होता. ते दोघं मास्क लावून वर गेले. मी गेलो नाही. खाली झाडाखाली उभा राहिलो आणि मग निघून गेलो.

१० जानेवारी २०२३ ला मी १८ चा झालो. ११ तारखेला सकाळी रक्तपेढीत.

आता प्रोसेस सांगतो. आधी फॉर्म, त्यात बरेच प्रश्न असतात, खरी उत्तरं द्या, लपवू नका. मग वजन, बीपी, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर पाहिजे, आणि प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर. दोन्ही हातांच्या शिरा बघतात, कारण सुई साध्या सलाईनपेक्षा जाड असते. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, मलेरिया, सिफिलीस या टेस्ट होतात. मागच्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिनवाली गोळी घेतली असेल तर चालत नाही, त्याने प्लेटलेट नीट काम करत नाहीत. उपाशीपोटी अजिबात जायचं नाही, पण तेलकटही खायचं नाही, रक्तात चरबी तरंगते आणि पिशवी बाद होऊ शकते. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा एकजण स्टँडवर वडापाव खाऊन आला होता, त्याचं सॅम्पल दुधाळ दिसलं आणि त्याला थांबवलं. पोळीभाजी, उपीट, इडली असलं खाऊन जा, आणि आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. शर्ट अर्ध्या बाहीचा घाला.

नंतर आरामखुर्चीसारख्या कोचवर झोपवतात. किट तुमच्यासमोर फोडतात, सगळ्या नळ्या नवीन, एकदाच वापरायच्या, पेशंटला जे दहा-अकरा हजार बिल येतं त्यात या किटचाच मोठा भाग असतो, आपल्याला काही पैसे द्यावे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत. सुई टोचताना दुखतं, खोटं कशाला बोलू, तीनचार सेकंद चांगलंच. मग मशीन रक्त ओढतं, आत गरगर फिरवून प्लेटलेट वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त त्याच हातातून परत आत सोडतं. ओढताना दंडावरचा पट्टा आवळतो आणि हातातला स्पंजचा बॉल दाबत राहायचं, परत येताना पट्टा सैल होतो आणि हातात एकदम गारवा शिरतो कारण रक्त बाहेर फिरून थंड झालेलं असतं. असं बऱ्याच वेळा. मला सव्वा तास लागतो. अर्ध्या तासानंतर ओठांना मुंग्या येतात, बोटांच्या टोकांनाही. नळीत रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात ते शरीरातलं कॅल्शियम थोडं खेचतं, त्यामुळे होतं. घाबरायचं नाही पण सांगायचं लगेच, ते कॅल्शियमची गोळी चघळायला देतात आणि मशीनचा वेग कमी करतात. पहिल्या वेळी मी सांगितलंच नाही, शूरपणा करत गप्प पडून राहिलो, ओठ पार बधिर झाले तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं आणि त्या चांगल्याच ओरडल्या. त्यांचं बरोबर होतं.

शेवटी टेक्निशियन दादांनी पिशवी काढून मला दाखवली. मला वाटलं होतं लाल असेल. फिकट पिवळी असते, ताकावरच्या निवळीसारखी. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवली आणि आत रेशमाच्या धाग्यासारखी एक चमक फिरायला लागली, गोल गोल, धुरासारखी. म्हणाले, ही अशी फिरते ना म्हणजे प्लेटलेट चांगल्या आहेत, मेलेल्या असत्या तर पिशवी नुसती गढूळ दिसली असती. स्वतःच्या अंगातून निघालेलं एवढं सुंदर काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

फ्रूटी आणि पारले-जी खाऊन मी वर गेलो. खरं सांगायचं तर छाती काढूनच गेलो, आता मी कुणालातरी तोंड दाखवू शकत होतो. मास्क लावला, हात धुतले. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. मी म्हणालो, भावा, देऊन आलो रे. त्याने माझ्या हातावरच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये खालपर्यंत आला होतास. आईने गॅलरीतून बघितलं तुला, झाडाखाली." मग बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "प्लेटलेट कुणीतरी देतंच रे, दादा शोधतो कुणालातरी. रात्री ९ नंतर इथे काही नसतं. तेव्हा फोन करायचास."

मला रडू आलं, त्यालाही आलं. काकू बाहेर गेल्या.

त्या रात्रीपासून ९ ला फोन. सुरुवातीला मी विषय लिहून ठेवायचो, कॉलेजमध्ये कोण काय बोललं, कुठली मॅच, पण दहा मिनिटांत संपायचं. मग एकदा तो म्हणाला तू अभ्यास कर, फोन नुसता चालू ठेव. मग तसंच. फोन टेबलावर स्पीकरला, मी गणितं सोडवतोय, तिकडून सलाईनच्या मशीनचा टीक टीक आवाज, मधेच काकूंचा आवाज, मधेच तो विचारायचा कुठला चॅप्टर, आणि परत शांतता. दोन दोन तास. मला वाटतं आमच्या मैत्रीतले सगळ्यात चांगले महिने तेच.

आता या रक्तपेढीला मी ४ स्टार का देतोय ते. २ मार्च २०२३, दुसऱ्या दिवशी आमचा बोर्डाचा गणिताचा पेपर, सकाळी ११ ला. ९ चा फोन त्याने उचलला नाही. पावणेदहाला त्याच्या भावाचा फोन आला, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर, ताप १०३, प्लेटलेट ६,०००, नाकातून रक्त थांबत नाहीये. रक्तपेढीत बी पॉझिटिव्हची एकही पिशवी शिल्लक नाही. मी कऱ्हाडात. मी बॅग भरली, बाबांना म्हणालो मला गाडीने सोडा, पेपर जुलैत देईन. बाबा चावी घेऊन उठलेसुद्धा. तेवढ्यात काकूंनी फोन केला, म्हणाल्या, तो सांगतोय पेपर देऊन ये, नाहीतर त्याचं तोंड बघणार नाही. मी काय करावं मला कळेना, उंबऱ्यावर बॅग घेऊन बसून राहिलो.

रक्तपेढीकडे नेहमीच्या डोनरची यादी असते, ग्रुपप्रमाणे. रात्रपाळीच्या टेक्निशियनने त्या यादीतल्या लोकांना एकेक करून फोन लावले. किती जणांनी उचलला नसेल. ११ च्या सुमारास एकजण आला, स्कूटरवरून, एवढंच आम्हाला कळलं. त्याने दिलं आणि घरी गेला. टेस्ट वगैरे होऊन पहाटे पिशवी चढली आणि सकाळी नाकातलं रक्त थांबलं. डोनरचं नाव सांगत नाहीत, तो नियमच आहे, काकांनी दोनदा विचारून बघितलं. कुणीतरी माणूस रात्री ११ ला अंथरुणातून उठून, कोण पोरगा आहे काय आहे काही न विचारता, सव्वा तास हात पसरून पडून राहिला. मी ३ तारखेला पेपर दिला, हॉलमधून बाहेर आल्यावर फोन चालू केला तर कीपरचाच मेसेज होता, किती मार्कांचा सुटला.

पेपर संपल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या यादीत नाव घातलं. पुढे इंजिनिअरिंगला पुण्यातच ॲडमिशन मिळाली त्यामुळे सोपं झालं. नियमाने ४८ तासांनी परत देता येतं, आठवड्यात जास्तीत जास्त २ वेळा आणि वर्षात २४, पण मी तीन-चार महिन्यांतून एकदा जातो. साधं रक्त दिलं असेल तर प्लेटलेटसाठी २८ दिवस थांबा. वयाची मर्यादा १८ ते ६०. यादीत असलात की फोन कधीही येऊ शकतो, मला एकदा गणपतीत विसर्जनाच्या दिवशी आला होता, पेठांतले रस्ते बंद, अर्धं अंतर चालत गेलो.

बाकी बारीकसारीक. एसी जास्त असतो, चादर मागून घ्या, देतात. पार्किंग नाही, बसने जा. एकदा सुई नीट बसली नाही आणि कोपराजवळ आठवडाभर काळंनिळं होतं, बर्फाने शेकलं, गेलं. त्या दिवशी ज्या नवीन सिस्टर होत्या त्या मनापासून सॉरी म्हणाल्या, त्याचा मी स्टार कापत नाही. प्लेटलेट द्याल त्या दिवशी जिम नको, जड उचलू नका. सर्टिफिकेट आणि बिस्किट देतात. सकाळी ९ ला गेलात तर गर्दी कमी.

लंब्याचं वजन आता ५६ आहे, तोही यादीत आहे. टॅटूवाला १२ महिने दिवस मोजून बरोबर तेराव्या महिन्यात हजर झाला.

कीपरची ट्रीटमेंट मागच्या वर्षी, २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. शेवटच्या दीड वर्षात रोज गोळ्या आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. बारावी एक वर्ष उशिरा दिली. तपासणीला अजून यावं लागतं. त्याला स्वतःला रक्त किंवा प्लेटलेट कधीच देता येणार नाही, हे त्याला लागतं, बोलत नाही पण मला कळतं.

काल त्याची तपासणी होती म्हणून तोही बरोबर आला. तेच टेक्निशियन दादा होते, त्यांनी त्याला ओळखलं नाही, मग नाव सांगितल्यावर ओळखलं आणि जवळ घेतलं. सव्वा तास तो माझ्या कोचशेजारी स्टुलावर बसून होता, ओठ बधिर झाले का विचारत होता दर पाच मिनिटांनी. शेवटी दादांनी पिशवी सोडवली आणि माझ्या सांगण्यावरून त्याच्यासमोर ट्यूबलाइटला धरून हलवली. त्याला अशा कितीतरी पिशव्या चढल्या असतील, पण त्याने त्या कायम खालून, स्टँडला उलट्या टांगलेल्याच बघितल्या होत्या. तो डोळे बारीक करून ती चमक फिरताना बघत राहिला.

"अजून एकदा हलवा ना," म्हणाला.

दादांनी हलवली.